रात्र पक्की झालीच नाही

कमरेएवढ्या बर्फात अडकलेल्या एका मुलीला मोकळं करायला सहा धडधाकट माणसांना बावीस मिनिटं लागली. तिचं डोकं वर होतं, ती बोलत होती, मध्येच हसतही होती. ती डोक्यासकट गाडली गेली असती तर या बावीस मिनिटांचा अर्थ काय झाला असता, ते आमच्यातल्या डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं नाही. ठाण्याला परतल्यावर पहिल्या रविवारी, नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या खोलीत सांगितलं.

त्या खोलीत तीन रविवार जी चर्चा झाली ती आणि माझ्या वहीत टिपलेल्या वेळा, एवढ्यावरून हे प्रकरण लिहितो आहे. मोहिमेचा लीडर मी होतो. त्यामुळे जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या खात्यावर आहे. जागा मनालीच्या वर, सोलंग ओलांडून पुढे, ब्यास कुंडाच्या खोऱ्यात. खिंडीचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की लोक त्या खिंडीला वाईट ठरवतात आणि पुढच्या वर्षी शेजारच्या नाळेत, म्हणजे दोन कातळभिंतींमधल्या अरुंद घळीत, जाऊन तेच करतात.

माणसं आणि तिकिटं

आम्ही आठ जण. सात ठाण्याचे, एक कळव्याचा (तो स्वतःला ठाण्याचाच म्हणवतो). येऊर, मामा-भांजे, माहुली, पाऊस सरला की नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, हा आमचा वर्षभराचा संसार. तिघांचा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स झालेला, त्यात मीही, पण माझ्या कोर्सला अकरा वर्षं उलटलेली. वयाने सगळ्यांत मोठे काका, बँकेतून निवृत्त, ५९ वर्षांचे. सगळ्यांत लहान जी, तिला आम्ही धाकटी म्हणतो, ती २३ची. सोबत मनालीकडचे एक गाइड आणि त्यांचा मदतनीस.

मे महिन्याचा पहिला आठवडा निवडला तो रजांच्या हिशेबाने. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मार्चमध्ये एका सकाळी आठच्या ठोक्याला चार मोबाइल घेऊन बसलो आणि दिल्लीहून परतीची आठ कन्फर्म तिकिटं मिळवली. पेढे वाटायचेच बाकी होते. खिंडीचा दिवस त्या सकाळी ठरला, ज्या बर्फावरून जायचं त्यातला काही तर अजून पडायचाही होता.

एप्रिलमधल्या तयारीच्या बैठकीत काकांनी २०२२ची द्रौपदी का डांडाची दुर्घटना काढली. ४ ऑक्टोबरला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २७ जणांचे मृतदेह मिळाले. त्यात सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेली. खोलीतलं उत्तर तयार होतं: ते ५,६७० मीटरचं शिखर, आपण जेमतेम ४,१०० मीटरवर जाणार. मग कुणीतरी सिक्कीमची आठवण काढली. ४ एप्रिल २०२३, नाथू ला रस्ता, मरण पावलेले सातही जण पर्यटक, गाडीतून उतरून बर्फ बघायला गेलेले. त्यावर मीच म्हणालो की ते पर्यटक, आपण ट्रेकर. आज ते वाक्य वहीत वाचताना कानशिलं गरम होतात. उंची आणि अनुभव या दोन्हींचं बर्फाला काही सोयरसुतक नसतं. २८ फेब्रुवारी २०२५ला माणा गावाजवळ रस्ताबांधणीच्या कामगारांची छावणीच गाडली गेली. ५४ माणसं अडकली, ८ गेली. तिथे तर कुणी डोंगर चढायलाही निघालं नव्हतं.

वसंतातला बर्फ

हिवाळ्यातला आणि वसंतातला धोका वेगळा, आणि हा फरक आमच्यातल्या बहुतेकांना फक्त शब्दांत माहीत होता. थंडीत साधारणपणे कोरड्या बर्फाचा थर खालच्या कच्च्या थरावरून लादीसारखा सुटतो. एप्रिल-मे महिन्यांत काम करतं ते पाणी. दिवसा उन्हाने वरचा बर्फ वितळतो, ते पाणी दाण्यादाण्यांतून खाली झिरपतं आणि दाण्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे सांधे विरघळवतं. माळीण आणि इर्शाळवाडीनंतर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की पाणी मुरलं की डोंगर सुटतो. बर्फाचंही तेच, फक्त इथे पाणी आभाळातून यावं लागत नाही, बर्फ स्वतःच ते तयार करतो.

काकांनी हे जास्त चांगलं सांगितलं. तलावपाळीवर बर्फाचा गोळा घ्या. गोळेवाला किस मुठीत दाबून काडीवर बसवतो तेव्हा तो दगडासारखा असतो. मग काला खट्टा ओतला जातो, आपण गप्पा मारत दोन मिनिटं घालवतो, आणि गोळा काडीवरून सुटून थेट चपलेवर. सरबत वरून ओतलेलं असतं, सुटतो मात्र तो आतून, काडीपाशी.

गोळा सुटू नये म्हणून डोंगरावर एकच सोय असते, ती म्हणजे रात्र. आभाळ निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतो आणि इतका थंड होतो, की हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी त्याचा पृष्ठभाग गोठू शकतो. दाण्यांमधलं पाणी थिजतं, सगळा उतार एकसंध कवच होतो. त्या कवचावरून पहाटे चालायचं आणि ते मऊ पडायच्या आत उताराखालून निघून जायचं, हा वसंतातल्या प्रवासाचा गाभा. आभाळ ढगाळ असेल तर ढग तीच उष्णता खाली परत पाठवतात, गोधडीसारखे. यासाठी हिमालयात जायला नको. जानेवारीत येऊरच्या पायथ्याशी रात्रभर उभ्या गाडीची काच निरभ्र रात्री दवाने चिंब होते, ढगाळ रात्री कोरडी राहते. मे महिन्यात आभाळ भरलेलं असलं की पंख्याखाली झोपूनही उशी ओली होते. कारण एकच आहे.

आमच्या गाइडनी या सगळ्याला एकच वाक्य वापरलं होतं, ते पुढे येईल.

त्यात आणखी एक भर पडली. आम्ही वरच्या तळावर पोचलो त्या संध्याकाळी पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारं वादळी हवामान, आला. मे महिन्यात तो येणं नवल नाही. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस बर्फ पडला, तंबूबाहेर मोजला तेव्हा सुमारे एक फूट. जुन्या गोठलेल्या कवचावर फूटभर ताजा, मऊ, अजून एकही ऊन न खाल्लेला बर्फ. ताज्या बर्फावरचं पहिलं कडक ऊन हा वसंतातला सर्वांत वाईट मुहूर्त, हे कोर्समध्ये शिकवलेलं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

तो दिवस, वहीतल्या वेळांनुसार

बर्फ संध्याकाळी थांबला, ढग गेले नाहीत. निघायचं ठरलं होतं रात्री दोनला. पावणेदोनला बाहेर आलो तर एक चांदणी दिसत नव्हती. तंबूच्या दोरीला लावलेला छोटा थर्मामीटर अधिक दोन दाखवत होता. गाइडनी बुटाची टाच बर्फात दाबली. ती घोट्यापर्यंत आत गेली. ते म्हणाले, "सरजी, आज रात पक्की नहीं हुई."

हे एका वाक्याचं हवामान वृत्त मला समजलं नाही असं नाही. समजलं, आणि मी विचारलं, "लेकिन जा सकते हैं ना?" प्रश्न असा विचारल्यावर पाहुण्यांच्या पैशांवर पोट असलेला माणूस काय उत्तर देणार? ते म्हणाले, "देख लेते हैं, ऊपर शायद ठीक हो." परतीची गाडी तीन दिवसांवर होती, खाली उतरायला एक, मनाली ते दिल्ली एक. राखीव दिवस आम्ही बर्फ पडताना तंबूत रमी खेळून संपवलेला.

दोनचे पावणेचार झाले. कारण वाचून हसू येईल. धाकटीने मनालीत भाड्याने घेतलेले दुहेरी बूट आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) एकमेकांचे नव्हते. पुढची कडी बुटाच्या खाचेत बसायची, मागचा खटका लागायचा नाही. दुकानात एकदा घालून बघितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. शेवटी मदतनिसाने टॉर्चच्या उजेडात पक्कड लावून तारेने ते बांधलं आणि तो स्वतः तळावर थांबला. त्याच्याजवळ तळावर राहिली आमची एकमेव फावडी. तंबूभोवतीचा बर्फ उपसायला ती तिथे लागत होती ना.

३.५० - निघालो. पाऊल घोट्याच्या वर बुडतंय.

५.४५ - समोरच्या शिखरावर ऊन. आमच्या डोक्यावर अजून ढग.

६.३० - ढग फाटले. सगळ्यांनी हुर्रे केलं, फोटो काढले. मीही. निरभ्र आभाळ रात्री हवं होतं, ते आलं सकाळी, आणि आमचा उतार पूर्वेकडे तोंड करून होता. पूर्वेचा उतार सगळ्यांत आधी तापतो, मग दक्षिणेचा, दुपारी पश्चिमेचा.

७.४० - नाळेच्या पायथ्याशी. मोबाइल काठीवर ठेवून उतार मोजला: ३२ अंश. हिमस्खलनं बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणजे आम्ही पट्ट्याच्या खालच्या टोकाला होतो, असं मी मनाचं समाधान केलं. मोजला तो पायाखालचा उतार. उजव्या बाजूची भिंत, जिच्यावर काळे कातळ डोकं काढून होते, ती कुणी मोजली नाही. धाकटीने काढलेल्या फोटोवरून नंतर ठाण्यात अंदाज घेतला, चाळिशीला टेकलेली होती.

८.०५ - त्या कातळांखालून बर्फाचे छोटे गोळे गरगरत खाली आले, मागे दोऱ्यासारखी रेघ सोडत. काळा दगड बर्फापेक्षा कितीतरी जास्त ऊन पितो, त्याच्या बुडाचा बर्फ आधी सैल होतो. हे गोळे म्हणजे उताराने हात वर करून दिलेली सूचना. गाइड थांबले, "बस, वापस." खिंड साधारण दोनशे मीटर वर होती. मी अर्धा तास मागून घेतला.

८.३५ - गुडघ्यापर्यंत बुडायला लागल्यावर वळलो.

उतरण्याचा निर्णय

या प्रकरणातली सगळ्यांत शिकण्यासारखी चूक ही, आणि ती आळसातून झाली नाही, सवयीतून झाली.

सह्याद्रीत नाळ म्हणजे वाट. कोकणातून घाटमाथ्यावर जाणाऱ्या कितीतरी जुन्या वाटा नाळेतूनच चढतात. जिथून पाणी उतरतं तिथून माणूसही उतरतो, दोन्ही बाजूंना कातळ असतो, वाट चुकत नाही, आधाराला दगड असतात. वाट हरवली की नाळ शोध, हे आमच्या अंगात इतकं भिनलंय की नाळेत शिरलं की हायसं वाटतं. धार, म्हणजे डोंगराचा वर आलेला कणा, उघडी, वाऱ्याची, निसरडी.

बर्फात हे अगदी उलटं आहे. नाळेच्या दोन्ही भिंतींवरचं जे काही सुटेल त्याला जायला तीच एक जागा. मोकळ्या उतारावर आलेला बर्फ पंख्यासारखा पसरतो, थर पातळ राहतो. तेवढाच बर्फ नाळेत आला की तळाशी कोंबला जातो आणि घोट्याएवढं प्रकरण कमरेएवढं होतं, कमरेएवढं डोक्यावर जातं. बाजूला पळायला जागा नाही. गाइडनी डावीकडच्या धारेकडे बोट केलं, "धार से उतरते हैं." धारेवर दगड होते, वारा होता, दोन तास लागतील असं मी धरलं. नाळेतून पंचवीस मिनिटं. ऊन चढतंय, लवकर खाली पोचलेलं बरं, हे माझं गणित. वरवर अगदी बिनतोड. लवकर पोचायचं होतं ते धोक्यातून बाहेर पडायला, आणि मी जवळचा रस्ता निवडला तो धोक्याच्या मधोमध.

तरी एक गोष्ट बरी झाली. गाइडनी नाइलाजाने मान्य करताना अट घातली: अंतर ठेवून, एकेक करून, कमरेचे पट्टे सोडून, काठ्यांचे फास मनगटातून काढून. सॅक आणि काठ्या बर्फात नांगरासारखं माणसाला खाली ओढतात. कळव्याचा सगळ्यांत शेवटी, म्हणून तो वर तोंडाशी थांबला.

८.५२ला उजव्या भिंतीवरून आवाज आला. स्फोट वगैरे नाही. ट्रकमधून ओली रेती ओतताना होतो तसा. मी वर पाहिलं तेव्हा दगडाखालून एक बिंदू सुटून त्रिकोणासारखा रुंदावत येत होता. वेग फार नव्हता, धावणाऱ्या माणसाइतका असेल. पण तो आमच्यापाशी आला तोवर दहा मीटर रुंद झालेला. सहा जण कडेला होतो. धाकटी मध्ये होती. ती काही पावलं पळाली, मग खाली बसल्यासारखी दिसली आणि बर्फाबरोबर चाळीसेक मीटर गेली. थांबली तेव्हा कमरेपासून वर दिसत होती आणि ओरडत होती, "मी ठीक आहे, पाय हलत नाहीये."

बावीस मिनिटं

हिमस्खलन चालू असतं तोवर ते पातळ भाताच्या पेजेसारखं वाहतं. थांबलं की काही क्षणांत घट्ट बसतं. ओल्या बर्फाचा ढिगारा घनमीटरला अर्ध्या टनाच्या आसपास भरतो, आणि आम्हाला तो हातमोज्यांनी उपसायचा होता. दोन आइस ॲक्सची रुंद बाजू, एक स्टीलचं ताट, हेल्मेट. हेल्मेटने बरं निघत होतं. गाइड खणायला आले नाहीत. मला तेव्हा राग आला. ते पाच पावलं बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभे होते, शिट्टी ओठांत धरून. वर बघणारा एक माणूस लागतोच, आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं. कळव्याच्याला त्यांनी हाताने खूण केली, नाळेत येऊ नको, धारेने जा.

मांड्या मोकळ्या व्हायला बारा मिनिटं. उरलेली दहा एका पावलासाठी. क्रॅम्पॉनचे दात खालच्या जुन्या कवचात रुतलेले, आणि क्रॅम्पॉन सोडवायचा म्हणजे ती तार. तार बर्फात, पक्कड तळावर. शेवटी डॉक्टरांनी आडवं पडून खांद्यापर्यंत हात आत घातला, बाहेरच्या बुटाची नाडी चाकूने कापली आणि आतल्या मऊ बुटासकट पाऊल उपसून काढलं. बाहेरचा बूट तिथेच राहिला. ९.१४.

डाव्या गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं होतं, बोटं गार पडली होती पण रंग परत आला. आतल्या बुटावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, दोघांच्या खांद्यावर हात टाकून ती धारेच्या कुशीत आली. तिथे बसून पाणी पीत असताना दहाच्या सुमाराला त्याच भिंतीवरून दुसरं आलं. याचा आवाज वेगळा होता. आम्ही खणलेला खड्डा, ताट आणि आमच्या पावलांचे ठसे त्याखाली गेले.

कळव्याचा ९ वाजून ५ मिनिटांनी धारेवर लागला होता, सव्वादहाला आमच्यापाशी पोचला. दोन तास लागतील म्हणून मी टाळलेली धार त्याने एकट्याने एक तास दहा मिनिटांत उतरली.

तीन रविवार

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसांच्या स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून एक आलेख फार पूर्वी तयार झाला. पहिल्या पंधरा-अठरा मिनिटांत बाहेर निघालेल्या दहांतले नऊ जगतात. पस्तिसाव्या मिनिटाला दहांतले तीन. अलीकडच्या नोंदी तर तो पहिला सुरक्षित काळ दहा मिनिटांवर आणतात. बहुतेक मृत्यू गुदमरून. म्हणजे मनालीहून मदत येणं, हेलिकॉप्टर वगैरे, या गोष्टी जिवंत माणसासाठी नसतात. जिवंत काढणारे तेच, जे तिथे उभे असतात. आणि आम्ही तिथे उभे होतो ताट घेऊन. जागा शोधायची नव्हती, डोकं वर होतं, तरी बावीस. ती आत असती तर आधी ती कुठे आहे हे कळायला हवं होतं, आणि ट्रान्सिव्हर आमच्यातल्या कुणाकडेच नव्हता. छातीला बांधायचं ते छोटं यंत्र, गाडल्या गेलेल्या माणसाचा संकेत पकडून त्याच्यापर्यंत नेणारं, जगभर ४५७ किलोहर्ट्झवर चालणारं. "एवढ्याशा ट्रेकला कशाला" हे आम्ही एकमुखाने म्हटलं होतं.

चूक नेमकी कुठे झाली, यावर एकमत झालं नाही आणि होईल असं वाटत नाही. काकांच्या मते ८.०५ला. गोळे दिसले, गाइड वळा म्हणाले, तिथे वळलो असतो तर बर्फ इतका सुटला नव्हता. डॉक्टर म्हणतात नाळ. ८.३५लाही धारेने उतरलो असतो तर फक्त एक फसलेला ट्रेक झाला असता. धाकटी पहिले दोन रविवार गप्प होती. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "दादा, पावणेदोनला गाइडकाका बोलले ते मी ऐकलं होतं. मला वाटलं, नको जाऊया. पण माझ्याच क्रॅम्पॉनमुळे उशीर होत होता, मी काय तोंडाने बोलणार?" खोलीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

अमेरिकेतले इयन मॅककॅमन यांनी असे ७००हून अधिक अपघात तपासले. त्यांना दिसलं ते हे, की धोक्याच्या खुणा बहुतेकदा समोर असतात आणि प्रशिक्षण घेतलेली माणसंही पुढे जातात: ओळखीची जागा आहे म्हणून, ठरवलंय म्हणून, लीडरला कळत असेल म्हणून, गटात वाईट दिसेल म्हणून. आमच्याकडे यातली झाडून सगळी होती. ओळखीची जागा मात्र नव्हती, तर आम्ही तिला सह्याद्रीतली नाळ समजून ओळखीची करून घेतली.

माझं मत काका आणि डॉक्टर दोघांपेक्षा वेगळं आहे. ८.०५ आणि ८.३५ हे प्रश्न पडायलाच नको होते. टाच घोट्यापर्यंत गेली, थर्मामीटर अधिक दोनवर, डोक्यावर ढग, खाली फूटभर ताजा बर्फ. तिथे झोपायच्या पिशवीत परत शिरायचं होतं. उतारावर उभं राहून, दोनशे मीटरवर खिंड दिसत असताना, माणूस नीट विचार करू शकत नाही. मी तरी नाही. तो विचार तंबूत, चहा न पिता, ठरलेल्या खुणांवर करून टाकायचा असतो. आणि गाइडला "जा सकते हैं ना" असं विचारायचं नसतं. "आप अपने बेटे को ले जाते?" असं विचारायला हवं होतं.

काय बदललं

तिकीट आता खिंडीच्या ठरलेल्या दिवसानंतर दोन मोकळे दिवस सोडून काढायचं. यावर भांडण झालं, कारण दोन दिवस म्हणजे आठ माणसांचे सोळा दिवस. दोघांनी पुढच्या वर्षी येणार नाही असं सांगितलं. ठीक आहे.

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था डोंगराळ जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. तिचा इशारा रोज कुणी बघायचा आणि तळावर नेटवर्क नसेल तर खालून कोण कळवणार, हे नावानिशी ठरलं. इशारा जिल्ह्याचा असतो, आपल्या नाळेचा नसतो, त्यामुळे टाच दाबून बघायचं काम सुटत नाही. बूट उमटत नसेल तर चाला. घोट्यापर्यंत गेला तर उभ्या उतारांवरून आणि त्यांच्या खालून निघा. गुडघ्यापर्यंत गेला म्हणजे उशीर झालेला आहे.

ट्रान्सिव्हर, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडी ही तिन्ही प्रत्येकाकडे, नाहीतर वसंतात बर्फावर जायचं नाही. दोन ट्रान्सिव्हर मिळवून सराव सुरू झाला, तोही ठाण्याच्या पद्धतीने. डब्यात घालून एका सोसायटीच्या बागेत कुंड्यांमागे लपवायचा आणि शोधायचा. पहिल्या दिवशी यंत्र वेड्यासारखे आकडे दाखवायला लागलं, कारण शोधणाऱ्याच्या खिशात मोबाइल. शोधताना मोबाइल किमान हातभर लांब हवा, शक्यतो बंदच. यंत्र सरळ रेषेतही नेत नाही, वळसा घेत नेतं, हे हातात घेतल्याशिवाय पटत नाही.

खणायचा सराव घोडबंदर रोडला एका बांधकामावर, रेतीच्या ढिगावर. परवानगी काढलेली, तरी वॉचमनला शेवटपर्यंत वाटत होतं की आमचं काहीतरी हरवलंय. तिथे कळलं की सगळ्यांनी प्रोबभोवती गर्दी करून खणणं म्हणजे विहीर खणणं. माल वर फेकत बसावा लागतो. प्रोब तसाच ठेवायचा, उताराच्या खालच्या अंगाला जेवढा माणूस खोल तेवढं तरी मागे सरायचं, आणि आडवं आत शिरायचं. एक जण टोकाला फोडणार, मागचे दोन बाजूंनी माल मागे ढकलणार, दर मिनिटाला टोकाचा माणूस बदलणार. काका टोकाला चाळीस सेकंद टिकतात, मी पन्नास.

धाकटीचा गुडघा चार महिन्यांनी बरा झाला. गाइडशी बोलणं चालू आहे. जुलैच्या शेवटी त्यांनी एक फोटो पाठवला. नाळेच्या तोंडाशी दगडगोटे, मध्ये हिरवं गवत, गवतात तो पिवळा बूट आडवा, आणि बुटाखाली क्रॅम्पॉन, तार जशीच्या तशी. ताट अजून मिळालेलं नाही. बुटाचे पैसे आम्ही दुकानदाराला मे महिन्यातच भरले होते.